केळीच्या वखारीतले घोडे

उन्हाळ्यात कुठून जळका वास आला की मी आजही हातातलं काम टाकून उठतो. घरचे हसतात. शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला असेल म्हणतात, आणि बहुतेक वेळा तेच असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे एक हिरवी लोखंडी पेटी येते, तिच्यावर मांडी घालून बसलेला एक माणूस येतो, आणि ती दुपार पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदोन दंगलींचा बंदोबस्तही केला. त्यांत कधी एवढा घाम फुटला नव्हता. आणि हे प्रकरण होतं काय, तर घरातल्या घरात झालेली एक चोरी.

तेव्हा मी धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपली होती, गस्तीवाले घरी गेले होते आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर नेहमीची गर्दी जमली होती. कुणाचा मोबाइल हरवलेला, कुणाचं नळावरून भांडण. त्या गर्दीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ इस्त्रीचा बुशशर्ट घालून शांत बसले होते. त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणत. मीही तेच म्हणतो. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तो त्यांचा भाचा चालवत होता. बहिणीचा मुलगा, लहानपणी आईवडील गेले म्हणून नानांनीच त्याला वाढवलेला. भाचा, त्याची बायको आणि छोटी मुलगी नानांच्याच घरात राहत होती.

"काय गेलं, नाना?" आमच्या हवालदारांनी विचारलं.

"पेटी. सिनेमाची रिळं होती तिच्यात."

"कुठला सिनेमा?"

"घोड्यांचा," नाना म्हणाले.

हवालदारांना हसू आवरलं नाही. मी डोळे वटारले तेव्हा ते गप्प बसले. फिर्याद लिहायला घेतली तर मालाच्या किमतीपाशी गाडं अडलं. नाना म्हणाले, किंमत सांगता येणार नाही, दुसरी मिळतच नाही. अंमलदारांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटी अंदाजे काहीतरी लिहून गुन्हा नोंदवला आणि मी स्वतः पंचांना घेऊन पंचनाम्याला गेलो. खरं सांगायचं तर मला उत्सुकताच जास्त होती.

नानांच्या घराखाली एक छोटं तळघर होतं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि आत पाय ठेवला तर अंगावर गारवा आला. भिंतीला ओली गोणपाटं टांगलेली, कोपऱ्यात पाण्याचे माठ. कुलूप जागच्या जागी होतं, कुणी तोडलेलं नव्हतं. म्हणजे चोर किल्ली घेऊन आला होता. हे नानांनाही दिसत होतं, पण ते त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. माणूस ज्या गोष्टीवर बोलायचं टाळतो, तिथेच थांबावं, हे मी नोकरीत फार लवकर शिकलो होतो. पण त्या दिवशी मी थांबलो नाही, कारण नाना त्यांच्या सिनेमांबद्दल बोलायला लागले आणि मी ऐकत बसलो.

नानांच्या वडिलांचा तंबूतला सिनेमा होता. खानदेशातल्या जत्राजत्रांतून ते बैलगाडीत मशीन घालून हिंडायचे. मुंबईत चालून चालून जुन्या झालेल्या विलायती सिनेमांच्या प्रती त्यांना स्वस्तात मिळत. बोलपट नुकता आला होता तेव्हाचे ते सिनेमे. मोठी टोपी, कमरेला पिस्तूल, भरधाव घोडा, आणि तासाभरात सगळा निकाल.

"साहेब, आवाज आला आणि सुरुवातीला घोडाच थांबला बघा," नाना सांगत होते. "मायक्रोफोन हलवता येत नसे. कुठे कुंडीत, कुठे झाडामागे लपवायचे. नट दोन पावलं लांब गेला की आवाज गेला. त्यामुळे सगळे एका जागी उभे राहून बोलायचे. मग कुणीतरी आवाजाचं मशीन उचलून मोकळ्या माळावर नेलं. टापांचा खरा आवाज आला, वाऱ्याचा आला, गोळी डोंगरावर आपटून परत येते तो आला. ते शिकत होते, साहेब. शिकताना केलेल्या चुकासुद्धा त्या फिल्मवर आहेत. नंतरच्या चकचकीत सिनेमात ते नाही."

"म्हणून लोक जमवतात होय?"

"म्हणूनच. आणि जपून कुणी ठेवलेच नाहीत. स्वस्तातले सिनेमे, चालून झाले की भंगारात. जगात एखादी प्रत उरलेली असते, तीही अशी कुठेतरी. मग जमवणारा माणूस वेडा होतो. घोड्यावरून पडणारा माणूस तेव्हा खरोखर पडायचा, घोडा नदीत खरोखर उडी घ्यायचा. ते पुन्हा कोण करणार?"

इंग्रजी संवाद आपल्या लोकांना कसे कळायचे, असं मी विचारलं. नाना खुलले. त्यांचे वडील पडद्याशेजारी उभे राहून सगळ्यांचे संवाद अहिराणीत म्हणायचे. चोराचे, शेरीफ म्हणजे तिकडच्या फौजदाराचे, नायिकेचेसुद्धा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तंबू लागला की घोड्यांचे व्यापारी पहिल्या रांगेत बसत. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नसे. पडद्यावर घोडा आला की ते त्याच्या चालीवर, छातीवर, कानांवर वाद घालत, आणि एकदा तर 'हाऊ घोडा मागल्या पायनी लंगडस' म्हणून त्यांनी खेळ थांबवून रीळ मागे घ्यायला लावलं होतं. मला हसू आलं. नानाही हसले, पण त्यांची नजर सारखी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. आमचा एक रिक्षावाला खबऱ्या होता. माणूस तसा बडबड्या, पण त्याची माहिती सहसा खोटी निघत नसे. तो मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "साहेब, ती पेटी मनाच रिक्षामा गयी. पारोळा रोडवर एक पिकअप उभी व्हती, तीमा टाकी. पेटीले भलता वास ये. मी ईचारं, काय शे? तो म्हने, औषधं शेतस."

"तो म्हणजे कोण?"

"स्टुडिओवाला. नानांना भाचा. मना लगीनना फोटू त्यानीच काढेल शेतस, मी कसा वळखाव नही?"

मला आश्चर्य वाटलं नाही. न तुटलेल्या कुलपाने ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं. भाच्याला बोलावून आणायला मी शिपाई पाठवला आणि चहा मागवला. प्रकरण जेवणापूर्वी मिटेल असा माझा हिशेब होता.

चहा यायच्या आधी नाना आले. ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभे राहिले. आत बोलावलं तर येईनात. मीच बाहेर गेलो. सकाळीच ऊन अंगाला चावत होतं.

"आज ऊन जास्त आहे," नाना म्हणाले.

"मे महिना आहे, नाना."

"पेटी उन्हात ठेवली नसेल ना त्याने?"

'त्याने' म्हणाले. म्हणजे नानांनाही ठाऊक होतं. मी काही बोललो नाही, नुसता त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. अशा वेळी गप्प राहणाऱ्या पोलिसाला लोक जास्त सांगतात. नानांनी दोन्ही हात जोडले आणि आतापर्यंतची शहरी मराठी सुटून ते घरच्या बोलीवर आले.

"साहेब, तुम्हले एक गोट सांगानी राही गई."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला फिल्मचा एक तुकडा काढला. खराब झालेल्या रिळाचा कापून ठेवलेला. चौकोनी चित्रांच्या कडेला एक नागमोडी रेघ होती. तो आवाज, असं नानांनी बोटाने दाखवलं. मग त्यांनी पाण्याची बादली मागितली. शिपायाने गाड्या धुवायची बादली आणून ठेवली. नानांनी तुकडा बरोबर आणलेल्या चिमट्यात धरला, माझ्याकडून काडी पेटवून घेतली आणि टोकाला लावली. तो असा भडकला की मी मागे सरलो. जळता तुकडा नानांनी बादलीत बुडवला.

तो विझला नाही. पाण्याखाली जळत राहिला. वर पिवळा धूर आणि बुडबुडे येत होते, आणि आम्ही सगळे बादलीभोवती मूर्खासारखे उभे होतो. आमच्या हवालदारांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"ही नायट्रेटची फिल्म," नाना हळू आवाजात म्हणाले. "त्या काळी सगळी अशीच असायची. जुनी झाली की आणखी बिघडते. जास्त तापली तर काडीसुद्धा लागत नाही. पेटी भरून आहे, साहेब. जिथे असेल तिथली माणसं..."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. घरात लेकरूबाळ असताना, वर माणसं झोपत असताना, हे खाली ठेवलं होतं? परवान्याशिवाय? नाना मान खाली घालून ऐकत होते. कुणाला सांगितलं असतं तर पेटी घराबाहेर काढायला लावली असती, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाच्याला नाही, त्याच्या बायकोला नाही. रोज उठून माठ भरायचे, गोणपाटं ओली करायची आणि देवावर हवाला ठेवायचा.

आता माझा सगळा हिशेब फिरला. चोर कोण, हा प्रश्न उरलाच नव्हता. पेटी कुठे आहे, एवढंच कळायला हवं होतं, आणि बाहेर ऊन चढत होतं.

भाच्याला आणून माझ्या खोलीत बसवलं होतं. वय तिशीच्या आसपास, धुतलेला इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मी खुर्चीत बसायच्या आधीच तो बोलायला लागला. आपण गेले चार दिवस धुळ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, स्टुडिओ एक दिवस बंद होता तो ताप आला म्हणून, हवं तर बायकोला विचारा. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, हा माझा अनुभव आहे.

"रिक्षातून पेटी नेलीस ती?"

"स्टुडिओचं जुनं सामान होतं, साहेब. एका ओळखीच्या माणसाला दिलं. पिकअप कुठली, मी नाही पाहिली."

मी हरतऱ्हेने विचारून पाहिलं. तो घाबरला होता, पण सुटायची आशाही त्याला होती. पेटीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे नुसतं घरगुती प्रकरण होतं. मामा रागावेल, मग शांत होईल. आणि मी त्याला आधीच सगळं सांगून टाकलं असतं तर भीतीने तो आणखी आवळून बसला असता. जास्त मोठ्या गुन्ह्यात अडकू या भीतीने गप्प झालेले लोक मी पाहिले होते. आधी एक धागा हातात हवा होता.

तो धागा त्याच्या खांद्यावर होता. फिकट निळ्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर आणि बाहीवर तपकिरी, जवळजवळ काळे डाग होते. कपडा स्वच्छ धुतलेला, कॉलर कडक, आणि डाग मात्र ठसठशीत.

आता मी मूळचा रावेर तालुक्यातला, केळीवाल्या घरातला. आमच्याकडे केळीच्या कामाचे कपडे वेगळे असतात आणि ते गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेले असतात. ताज्या कापलेल्या घडाच्या दांड्यातून जो चीक गळतो तो आधी पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. साबण लावून धुतला की मात्र काळा पडतो आणि मग कपडा फाटेपर्यंत जात नाही. आमच्या गावात लहान पोरालाही हे माहीत असतं. पाहुणा मळ्यात आला तर त्याच्या खांद्यावर आधी गोणपाट टाकतात. धुळ्याचा माणूस कपाशी ओळखतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो चांगला शर्ट घालून घड उचलतो, घरी येतो आणि काही दिसू नये म्हणून साबणाने धुऊन टाकतो.

"हे डाग कशाचे?" मी विचारलं.

"चहा सांडला, साहेब."

"खांद्यावर?"

त्याने मान वळवून पाहिलं. मी उठून त्याच्याजवळ गेलो. "बाजारातल्या पिकलेल्या केळ्याचा असा डाग पडत नाही. हा वखारीत घड उचलल्याचा चीक आहे. माझ्या आईने जन्मभर असेच डाग काढायचा प्रयत्न केला, एकही निघाला नाही. कुणाच्या वखारीत गेला होतास?"

तो तळव्याने खांदा झाकू लागला. तेव्हा मी त्याला हाताला धरून बाहेर नेलं, बादली दाखवली आणि तिच्यात काय जळलं ते सांगितलं. नाना तिथेच उभे होते. भाच्याने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"नानानी माले सांगं नही?" तो ओरडला. "त्यानाच वर मनी पोर झोपस, साहेब! मनी पोर झोपस!"

नानांनी तोंड फिरवलं. मी भाच्याचे दोन्ही खांदे धरले. "ते नंतर. पेटी कुठे?"

मग तो भडाभडा बोलला. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने नानांकडे त्या रिळांसाठी तगादा लावला होता. नानांनी त्याला उभंही केलं नाही. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत कुणी फिरकत नव्हतं. भाच्याने परस्पर त्या माणसाच्या दलालाशी बोलणं लावलं. दलालाने फोनवर एकच बजावलं, माझा माणूस येईपर्यंत थंड जागी ठेव. का, ते सांगितलं नाही. भाच्याला आठवली ती रावेरकडच्या एका आबांची केळीची वखार. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते, आणि आबांची पिकअप केळी घेऊन धुळ्याच्या बाजारात यायची. जाड मातीच्या भिंतींची, खिडकी नसलेली, अर्धी जमिनीत गेलेली खोली. लग्नाच्या वेळी रिकामी होती तेव्हा भर उन्हाळ्यात तिथे माठासारखा गारवा होता. त्याने चार घड बाजूला सारून पेटी ठेवली आणि निर्धास्त परत आला.

मी घड्याळाकडे पाहिलं. आता सगळीकडे केळी पिकवायला यंत्रांच्या खोल्या झाल्या आहेत, पण आबांसारख्या जुन्या माणसांच्या वखारीत तेव्हाही धूर देत असत. घड रचायचे, मडक्यात गोवऱ्या पेटवून आत ठेवायच्या आणि दार मातीने लिंपून टाकायचं. आतली हवा भट्टीसारखी तापते. धुळ्याच्या माणसाने ती खोली रिकामी पाहिली होती. धूर दिल्यावर तिचं काय होतं, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"धूर कधी देणार आहेत?" मी विचारलं.

"आज," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आबा म्हणत होते, आज दुपारी. मी म्हटलं, धुराने लोखंडाच्या पेटीला काय होतं!"

धुळ्याहून तिथे गाडीने जायचं तर दुपार टळली असती. आबांचा फोन नुसता वाजत होता. तिथल्या पोलीस ठाण्याला मी कळवलं, त्यांनी ताबडतोब माणसं काढली, पण वखार आडबाजूला होती. तेव्हा मला माझे थोरले भाऊ आठवले. शेजारच्याच गावात आमचा मळा. मी दादांना फोन केला आणि माझ्या आवाजावरूनच त्यांनी काही विचारलं नाही. आबांची वखार, हिरवी पेटी, आतल्या गोवऱ्या विझव, बिडीकाडी लांब ठेव, पेटी उघडू नको, सावलीत ने, ओली गोणपाटं टाक आणि सगळ्यांना दूर काढ. "निंघालो," एवढंच म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली. मला ती ऐकू आली.

त्यानंतर जे बसणं झालं ते मी कुणाला सांगू शकत नाही. पंखा फिरत होता, चहा निवून त्यावर साय धरली होती. भाचा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. नाना त्याच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर नानांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. हवालदार, जे आदल्या दिवशी हसले होते, ते दारात उभे राहून देवाचं नाव घेत होते. मी मनातल्या मनात त्या वखारीचं दार उघडून बघत होतो आणि प्रत्येक वेळी आत वेगळंच काही दिसत होतं. तिथे मजूर असतील, त्यांच्या बायका असतील, आबांची नातवंडं अंगणात असतील.

फोन वाजला.

"भेटली रे पेटी," दादा धापा टाकत म्हणाले. "काही झालं नही. पन तिच्यावर कोन बसेल व्हता, मालूम हाये का? आबाचा सालदार, सालाचा गडी. लिंबाच्या सावलीत पेटी, पेटीवर हा, अन् तोंडात बिडी! मी गाडी तशीच टाकली न् पहिले त्याच्या तोंडातली बिडी हिसकली. तो म्हने, दादा, बिडीच पाहिजे व्हती त मांगायची!"

मी हसलो की रडलो, मला आठवत नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी फोनवर हात ठेवून खोलीत सांगितलं, "सापडली, सगळे सुखरूप आहेत," आणि नानांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. भाचा मात्र हमसून हमसून रडायला लागला. हवालदारांनी पुन्हा चहा सांगितला, या वेळी न विचारता सगळ्यांसाठी.

वखारीत खरोखर धूर सुरू होता. मग पेटी बाहेर कशी? ते आबांनी मला त्या संध्याकाळी स्वतः सांगितलं, मी पंचनाम्याला तिथे पोचलो तेव्हा. गोवऱ्या आत ठेवायच्या आधी त्यांनी शेवटची नजर फिरवली आणि त्यांना ती पेटी खटकली.

"लोखंड तापते, साहेब," आबा म्हणाले. "मंग बाजूचा घड काया पडते. माले त्या पोराच्या पेटीपक्षा माह्या केयी मोठ्या. म्हनलं, काढा ते डबडं भाईर."

कुणाचा जीव वाचवावा असा त्यांचा हेतू नव्हता. माल काळा पडू नये, एवढाच. मी त्या माणसाच्या पाया पडलो. ते अवघडून बाजूला झाले, पण मी पडलो.

पुढची कटकट वेगळीच. हस्तगत केलेला मुद्देमाल ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात जमा करायचा असतो. आमचा कक्ष म्हणजे पत्र्याची खोली, आत जप्त केलेली दारू आणि मागच्या दिवाळीचे फटाके. मुद्देमाल कारकुनाने पेटी काय आहे ते ऐकलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून रजेचा अर्ज लिहायला बसला. मी लगेच न्यायालयाकडे विनंती केली, आणि न्यायाधीश महोदयांनी परिस्थिती ओळखून जुन्या फिल्म जतन करणाऱ्या एका सरकारी संग्रहालयाकडे पेटी सोपवण्याचा आदेश दिला. तिथले तज्ज्ञ थंड गाडी घेऊन आले. पेटी उघडल्यावर त्यांच्यातली एक बाई रीळ उजेडाकडे धरून एकेक चित्र पाहत राहिली. दोन रिळं वाया गेली होती, बाकीची वाचणार होती. तिने सांगितलं की यातला एक सिनेमा जगात कुठे शिल्लक असल्याचं तिला तरी ठाऊक नाही. नाना नुसते मान हलवत होते. इतकी वर्षं जे एकट्याने उराशी धरलं, ते दुसऱ्याच्या हातात देताना त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा झाला होता. आता रात्री झोप लागते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

भाच्याने गुन्हा कबूल केला. नानांनी न्यायालयात त्याच्यासाठी गयावया केली, आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडण्यात आलं. परवान्याशिवाय साठा केल्याबद्दल मी नानांविरुद्धही अहवाल पाठवला होता. माया वाटली म्हणून कागद लपवायची माझी पद्धत नव्हती. साठा सरकारच्याच ताब्यात गेलेला असल्यामुळे त्यांना कडक समज देऊन तो विषय मिटला. दलालाचा फोन पुन्हा लागला नाही.

या प्रकरणाने माझ्या कामाच्या पद्धतीत एक बदल झाला, तो निवृत्त होईपर्यंत टिकला. पूर्वी फिर्यादीला मी दोन गोष्टी विचारायचो, काय गेलं आणि संशय कुणावर. त्यानंतर मी खुर्ची थोडी पुढे ओढून तिसरीही विचारू लागलो, काही सांगायचं राहिलंय का? बहुतेक लोक नाही म्हणायचे. पण काही जण थांबायचे, आणि त्यांच्या थांबण्यातूनच बरेचदा मला वाट सापडायची. लोक वाईटच गोष्टी लपवतात असं नाही. जिवापाड आवडीची वस्तूही लपवतात, कुणी काढून घेईल म्हणून, आणि मग घरातली माणसं तिच्यावर झोपतात.

वर्षभराने नानांचं बोलावणं आलं. संग्रहालयाने त्या सिनेमाची नवी, न जळणारी प्रत काढून पाठवली होती आणि धुळ्यातल्या एका छोट्या सभागृहात खेळ ठेवला होता. आबा आणि माझे दादा पिकअपमधून आले, केळीचा घड घेऊन. तो सालदारही होता. दारात त्याने खिशातली बिडी काढून मला दाखवली आणि पुन्हा आत ठेवली, तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो.

दिवे गेले. पडद्यावर माळरान आलं, मोठ्या टोपीतला माणूस आला, टापा वाजल्या. आवाजात खरखर होती. नाना वडिलांसारखे पडद्याशेजारी उभे राहिले आणि त्या गोऱ्या शेरीफला अहिराणीत बोलायला लावलं. "कथा जास रे, चोरटा! आते तुले सोडस का मी!" लोक खुर्च्यांतून उसळत होते. आबा शेजारच्याला मोठ्याने सांगत होते की घोडा चांगला आहे पण मानेत जरा ताठ आहे.

मशीनवर भाचा होता. मध्यंतरात मी त्याच्याकडे गेलो तर अंगावर तोच फिकट निळा शर्ट. खांद्यावरचे डाग तसेच.

"हा अजून टाकला नाहीस?" मी विचारलं.

त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्याची मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळून आमच्याकडे हात हलवत होती.

"पोर ईचारस, बाबा, हाऊ डाग कसाना?" तो म्हणाला. "मंग मी तिले समदं सांगस."